भिंतीवरचें चित्र कोणाचें ?

कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या पाटण गांवीं गेल्या माघांत एका लग्नाची तयारी सुरू झाली. लग्न आमच्या पुतणीचें. ती मुंबईस नोकरीला असते. पण लग्न मात्र गांवच्या घरींच व्हावें, असा तिचाच आग्रह. घर चार पिढ्यांचें, माणसें वीस-पंचवीस आणि मतें त्याहून अधिक. तेव्हां जेवणाच्या पानांपासून मांडवाच्या झालरीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर परिषद भरणें क्रमप्राप्तच होतें. त्यांपैकीं एका परिषदेची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे. कारण घरगुती म्हणून सुरू झालेला तो वाद आम्हांला डहाणूच्या पाड्यांपर्यंत आणि तेथून पार उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फापर्यंत घेऊन गेला.

मांडव सजविणारा गृहस्थ आपल्या कामाचे नमुने घेऊन आला होता. त्यांतला एक नमुना सर्वांस एकदम पसंत पडला. गेरूच्या रंगाचें छापील कापड, त्यावर पांढरीं माणसें. दोन त्रिकोण टोंकाशीं टोंक लावून केलेलीं शरीरें, वाटोळीं डोकीं, काडीसारखे हातपाय. कोणी फेर धरून नाचत आहेत, कोणी भात कांडीत आहेत, आणि मधोमध एक नक्षीदार चौकोन. "हल्लीं याचीच चलती आहे. लग्नपत्रिकाहि अशाच छापून मिळतात," तो म्हणाला. पुतणीनें मान डोलावली, धाकटे बंधु खर्चाचा अंदाज विचारूं लागले, आणि गोष्ट ठरल्यासारखीच झाली. इतक्यांत माजघराच्या उंबऱ्याशीं बसलेल्या आमच्या थोरल्या काकूंनीं विचारलें, "त्या चौकोनांत ती कोण उभी आहे रे?"

त्या गृहस्थास तें ठाऊक नव्हतें. आम्हांसहि नव्हतें. "ती नक्षी आहे, आजी," तो म्हणाला.

"नक्षीला हातपाय कशाला असतील? चौक घातला आहे, वर चंद्रसूर्य काढले आहेत. हें कोणाच्या तरी देवीचें ठाण आहे. परक्या घरची सवाष्ण मांडवांत बोलवायची तर निदान तिचें नांव तरी विचारावें!"

सगळे हंसले, पण काकूंचा प्रश्न हंसून टाकण्यासारखा नव्हता. काकूंचें वय ब्याऐंशी. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यांत बसली, कीं अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज सडा घालून अंगणांत चैत्रांगण काढणें हें त्यांचें सासरीं आल्यापासूनचें व्रत होतें. गौर, शंख-चक्र-गदा-पद्म, गोपद्में, कासव, नाग, तुळशीवृंदावन, फणी आणि करंडा, हीं सर्व चिन्हें त्या न पाहतां रांगोळीच्या चिमटीनें उतरवीत. त्यांतलें एकहि चिन्ह त्यांच्या लेखीं नक्षी नव्हतें. गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून तें अंगण रिकामें आहे. घरांतल्या सुना शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या. त्यांच्याकडे वेळहि नाहीं आणि ती विद्याहि नाहीं. ज्या घरांत स्वतःच्या देवीचें चित्र कोणास काढतां येईना, त्या घरांत दुसऱ्याच्या देवीचें चित्र छापून आणण्याची तयारी चालली होती, हा विरोध काकूंच्या एका प्रश्नानें आमच्यापुढें उभा केला. पत्रिकेचा नमुना चार दिवस थांबवून आम्ही शोधास लागलों.

शोधाअंतीं जें हातीं आलें तें असें. चौकोनांत उभी असलेली ती देवी म्हणजे पालघट. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या टापूंत आणि शेजारच्या गुजराथेंत व दादरा-नगरहवेलींत वारली लोकांची वस्ती आहे. वारल्यांच्या घरीं लग्न निघालें, कीं शेणामातीनें सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठीनें चौक लिहितात. कुंचला म्हणजे टोंकाशीं चघळून मऊ केलेली बांबूची काडी. चौकांत पालघट, तिच्यासभोंवतीं झाडें व जनावरें, चंद्र-सूर्य, शिडी आणि फणी. दुसऱ्या लहान चौकांत पंचशिऱ्या देव. चौकापुढें लग्नाचीं गाणीं म्हणणारी व विधि चालविणारी जी बाई, तिला धवलेरी म्हणतात. म्हणजे तेथें लग्न लावण्याचें काम बाईकडे असतें. लग्न आटोपलें कीं चित्राचें काम संपलें. पुढच्या पावसाळ्यांत तें पुसट झालें तरी कोणी हळहळत नाहीं. पुढच्या लग्नाला नवा चौक लिहिला जातो. फेर धरून नाचणाऱ्या माणसांच्या मध्यभागीं जो वादक दिसतो, तो दुध्या भोपळ्याचें तारपा नांवाचें वाद्य वाजवीत असतो. वारली बोली मराठीच्या नात्यांतली असली तरी तिला स्वतःची लिपि नाहीं, आणि चित्र काढणें या क्रियेस ते लोक 'लिहिणें' म्हणतात. आमच्या चैत्रांगणाशीं या गोष्टीचें सख्खें नातें आहे, हें वाचक-भगिनींच्या ध्यानांत आलेंच असेल.

मग हें भिंतीवरचें लिहिणें कापडावर आणि पत्रिकेवर आलें कसें? त्याचाहि इतिहास आहे आणि त्यांत एक आपल्याकडील नांव आहे. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनीं १९६६-६७ च्या दुष्काळांत, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, बिहारांत जाऊन मिथिलेच्या बायकांच्या हातीं कागद दिला होता. पुढें १९७० नंतरच्या वर्षांत ते डहाणूकडे वळले. कागदावर लिहावयास बायका संकोचल्या, आणि एक तरुण पुरुष पुढें आला, असें सांगतात. तो जिव्या सोमा म्हसे. आई लहानपणींच वारल्यानंतर हा मुलगा बोलेनासा झाला आणि मातींत रेघोट्या ओढून आपलें मन सांगूं लागला, अशीहि हकीकत आहे. लग्नाच्या चौकापुरती असलेली कला त्यांनीं रोजच्या जीवनाकडे वळविली. मासे धरण्याचें जाळें, मुंग्यांचें वारूळ, पेरणी, तारप्याचा फेर, हे त्यांचे विषय झाले. १९८९ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांत जगांतील चित्रकारांचें जें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत त्यांचीं चित्रें होतीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि १५ मे २०१८ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या मुलांनीं आणि गंजाडच्या परिसरांतील पुष्कळ तरुणांनीं ही विद्या पुढें चालविली आहे. यांत एक गोष्ट मात्र मनास टोंचते. ज्या बायकांनीं पिढ्यान्पिढ्या चौक लिहिले, त्यांतील एकीचेंहि नांव पुरुषांच्या नांवाइतकें जगापुढें आलें नाहीं.

एवढ्यावर आमचा शोध थांबला असता तर बरें झालें असतें. पण पुस्तकें चाळतां चाळतां एक शब्द सांपडला, आणि त्यानें आमच्या मांडवाचा सारा रंग बदलून टाकला. तो शब्द म्हणजे 'लग्नगडी'. वारली तरुणास लग्न करावयाचें तर खर्चास पैसे हवेत. ते सावकार-जमीनदाराकडून काढावयाचे आणि तें कर्ज फिटेपर्यंत त्याच्या शेतावर फुकट राबावयाचें. कर्ज फिटत नसे. नवरा राबे, नवी नवरी राबे. कित्येकांचा जन्म त्यांत जाई. ज्या लग्नासाठीं भिंतीवर पालघट लिहिली, त्याच लग्नानें माणूस गुलाम होत असे. १९४५ सालीं किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरीबाई परुळेकर यांच्या पुढाकारानें वारल्यांनीं वेठ व लग्नगडी या दोन्ही चालींविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणांस मुकले. पण वेठ मोडली आणि लग्नगडीहि सुटले. पुण्यांत जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरीबाईंनीं हा सारा वृत्तांत 'जेव्हां माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत लिहून ठेविला आहे. आमच्या घरच्या कपाटांत तें पुस्तक कित्येक वर्षें आहे. तें आम्हीं वाचलें नव्हतें, हें कबूल करणें भाग आहे.

रात्रीं ओसरीवर हें सर्व वाचून दाखविलें, तेव्हां धाकटे बंधु थोडे चिडून म्हणाले, "दादा, लग्न आहे, सभा नव्हे. चित्र छान आहे. आपण तें लावलें तर त्या लोकांचा मानच नाहीं का होत?" त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. जें आवडतें तें आपलेंसें करणें हाहि माणसाचा स्वभाव आहे, आणि कला कुंपणांत ठेवून वाढत नाहीं. काकूंचा आक्षेप देवीच्या पावित्र्याचा होता. बंधूंचें उत्तर कौतुकाचें होतें. आणि पुतणीस दोन्ही पटत होतीं. ती एवढेंच म्हणाली, "आपण इथें बसून त्यांच्या मनांतलें ठरवितों आहों. मी रविवारीं डहाणूस जाऊन विचारून येतें."

ती गेली. डहाणू रोड स्टेशनावर उतरून आंतल्या एका पाड्यांत एका चित्रकाराच्या घरीं पोंचली. घर विटांचें, पण एक भिंत गेरू देऊन राखलेली. तिनें भीत भीत विचारलें, "दादा, पालघटाचा चौक आम्हीं आमच्या लग्नांत लावला तर चालेल का?" चित्रकाराचें उत्तर तिनें आम्हांस जसेंच्या तसें सांगितलें. "ताई, कागदावर काढतों तें चित्र. लग्नांत धवलेरी गाते तेव्हां ती देवी. कागद आम्हीहि विकतों, त्यावर तर पोट आहे. राग त्याचा नाहीं. राग याचा, कीं मशीनवर छापतात, त्यांत आमचा हात नाहीं, आमचें नांव नाहीं, आणि खालीं मात्र 'वारली' असें लिहितात."

म्हणजे काकूंचा आक्षेप एका परीनें खोटा ठरला आणि एका परीनें खरा. दोष देवी काढण्यांत नव्हता. नांव न विचारण्यांत होता.

हा प्रश्न केवळ डहाणूचा नाहीं. आमच्या पुतण्यानें, जो कॅनडांत असतो, हा वाद ऐकून तिकडची एक हकीकत कळविली, ती येथें देण्यासारखी आहे. कॅनडाच्या अगदीं उत्तरेस, जेथें झाड उगवत नाहीं, तेथें इन्युइट नांवाचे लोक राहतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांस एस्किमो म्हणत. पण तें इतरांनीं दिलेलें नांव. त्यांच्या भाषेंत इन्युइट म्हणजे 'माणसें'. १९४८ सालीं जेम्स ह्यूस्टन नांवाचा तरुण चित्रकार तिकडे गेला, तेथील दगडाच्या कोरीव मूर्ति पाहून थक्क झाला आणि दुसऱ्याच वर्षीं माँट्रियल शहरांत त्यांची विक्री करविली. पुढें केप डॉर्सेट या वस्तींत दगडावर चित्र कोरून कागदावर ठसे घेण्याची कला सुरू झाली. त्यासाठीं ह्यूस्टन जपानांत जाऊन ठशांचें तंत्र शिकून आला. आपल्या भास्कर कुलकर्णींची आठवण व्हावी, अशीच ही गोष्ट आहे. तेथील केनोजुआक अशेवाक या बाईंचें १९६० सालचें 'मंतरलेलें घुबड' हें चित्र एवढें गाजलें, कीं १९७० सालीं तें कॅनडाच्या टपाल तिकिटावर छापलें गेलें.

परंतु या कौतुकाच्या मागेंहि एक काळी बाजू आहे. इन्युइट लोकांस आडनांवें नसत; तीं नांवें लिहितां येईनात, म्हणून सरकारनें १९४१ पासून त्यांस आंकडा कोरलेले बिल्ले दिले. आंकडा हीच कागदोपत्रीं त्या माणसाची ओळख. १९७० च्या सुमारास आडनांवें लावण्याची मोहीम झाली, तेव्हां कोठें हे आंकडे सुटूं लागले. एकीकडे घरांत त्यांच्या मूर्ति ठेवावयाच्या, दुसरीकडे मूर्तिकारास आंकड्यानें हांक मारावयाची! वेठीस धरलेल्या वारल्यांची आणि या बिल्लेवाल्यांची दुःखें वेगळीं आहेत; पण वस्तु हवी आणि माणूस नको, ही वृत्ति दोन्हीकडे एकच आहे.

त्या लोकांनीं यावर उपाय काय केला, तें आपल्या कामाचें आहे. १९५९ सालीं केप डॉर्सेटला सहकारी संस्था स्थापन झाली. ठसे किती काढावयाचे आणि कोठें विकावयाचे हें तिच्यामार्फत ठरूं लागलें. प्रत्येक ठशावर चित्रकाराचें नांव असतें. नकली मूर्ति बाजारांत येऊं लागल्या, तेव्हां १९५८ सालीं सरकारनें बर्फाच्या घराचें, म्हणजे इग्लूचें, चिन्ह असलेली चिठ्ठी खऱ्या मालास लावण्याची पद्धत सुरू केली. पण खरें काय आणि खोटें काय हें सरकारनें कां ठरवावें? तोहि हक्क अखेर १९१७ मध्यें नव्हे, तर थेट २०१७ सालीं इन्युइट कला प्रतिष्ठानाकडे आला! साठ वर्षें लागलीं. १९९९ सालीं नुनावुत हा त्यांचा स्वतंत्र प्रदेश झाला आणि २०२० सालीं केप डॉर्सेटनें आपलें मूळचें 'किंगाइट' हें नांव परत घेतलें.

आणखी एक गोष्ट. केनोजुआकनंतरच्या पिढींतील अ‍ॅनी पूटूगूक या चित्रकर्त्रीनें घुबडें आणि अस्वलें काढलीं नाहींत. तिनें दूरचित्रवाणीपुढें बसलेलें कुटुंब काढलें, दुकानांतून आणलेलें सामान काढलें, घरांतली मारझोडहि काढली. २००६ सालीं तिला कॅनडांतील सोबी पारितोषिक मिळालें. हें पुरेसें इन्युइट नाहीं, असें म्हणणारे लोक होतेच. आपल्याकडेहि वारली चित्रकारानें आगगाडी, मोटार किंवा उंच इमारत काढली, कीं शहरांतले रसिक नाक मुरडतात. त्यांस मोर आणि ताडमाड हवे असतात. पण पालघर जिल्ह्यांतून वेगवान आगगाडीचा मार्ग बांधला जात आहे आणि डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथील बंदराची पायाभरणी २०२४ सालीं झाली. ज्याच्या डोळ्यांपुढें हें घडत आहे, त्यानें तें काढूं नये आणि आमच्या दिवाणखान्यासाठीं जुनें रानच काढीत बसावें, असा हट्ट धरणें म्हणजे नव्या प्रकारची वेठच होय. आपली ओळख काय हें सांगण्याचा आणि ती बदलण्याचाहि अधिकार ज्याचा त्यासच असला पाहिजे.

आपल्या देशांत कायद्यानें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालें. पण तें मानांकन समाजाच्या सामाईक नांवाचें आहे. कोणा एका चित्रकाराचें नांव चित्राखालीं यावें, याची सोय त्यानें होत नाहीं. आणि पिढीजात आकृतींची नक्कल करून मांडवाचें कापड छापणाऱ्याचा हात धरणें तर फारच कठीण. तेव्हां कायद्याच्या पुढचें काम गिऱ्हाइकाचें आहे. म्हणजे आपलें आहे.

आमच्या घरीं शेवटीं काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. छापील कापड रद्द झालें. त्याच चित्रकाराकडून तारप्याच्या फेराचें एक चित्र विकत घेतलें. त्यानें सांगितलेली किंमत दिली, घासाघीस केली नाहीं. तें चित्र मांडवाच्या दारांत लावलें आणि त्याखालीं चित्रकाराचें नांव व गांव स्वच्छ अक्षरांत लिहिलें. पत्रिका साधी, गणपतीची काढली. धाकटे बंधु शेवटपर्यंत म्हणत होते, कीं मांडव जरा उघडा दिसतो. आणि खरें सांगावयाचें तर तो दिसतहि होता.

लग्न अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीं होतें, म्हणजे गौर अजून झोपाळ्यांत होती. लग्नाच्या आधीं चार दिवस पुतणी काकूंपुढें रांगोळीची वाटी घेऊन बसली. काकू खुर्चीवर, हातांत काठी. काठीच्या टोंकानें त्या जागा दाखवीत आणि ही अंगणांत बसून काढी. नाग वांकडा आला, कासव बेडकासारखें झालें. फणी काढतांना पुतणी थांबली आणि म्हणाली, "आजी, त्या पालघटाच्या चौकांतहि फणी असते." काकू म्हणाल्या, "असणारच. नवरी तिकडचीहि केंस विंचरीतच असेल कीं!" पुढें डाव्या कोंपऱ्याशीं काठी थबकली. तेथें काय काढीत असत, तें काकूंस कांहीं केल्या आठवेना. त्यांच्या बरोबरीच्या दोघी-तिघी होत्या. एक कोयनेच्या धरणाखालीं गांव गेल्यावर दूर वसाहतींत गेली, दुसऱ्या आतां हयात नाहींत. विचारावें कोणास? तो कोंपरा रिकामाच राहिला.

दुसऱ्यांच्या भिंतीवरचें चित्र जपण्याची गोष्ट आपण पुष्कळ करतों. वाचकांस आमची विनंति दोनच गोष्टींची आहे. वारली चित्र घ्यावयाचें असेल तर तें काढणाऱ्याकडून घ्यावें, त्याचें नांव विचारावें आणि चित्राखालीं लिहावें. आणि घरांत काकू, आजी, मावशी कोणी असेल, तर या चैत्रांत तिच्यापुढें वाटी घेऊन बसावें. एखादा कोंपरा रिकामा राहण्याच्या आधीं.